क्रिएटर्सबरोबरची ब्रँड भागीदारी सांभाळणारा माणूस कसा निवडावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरमधील साड्यांचे दुकान, लालबागचा मसाला, ठाण्यातील सौंदर्यप्रसाधने, डोंबिवलीतून घरपोच जाणारा दिवाळीचा फराळ अशा अनेक मराठी व्यवसायांचे मालक आज इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर स्वतःचे व्हिडिओ करणाऱ्या क्रिएटर्सबरोबर काम करू लागले आहेत. ते काम सांभाळण्यासाठी कोणाला नेमावे, हा प्रश्न त्यांच्याकडून आम्हाला सतत विचारला जातो. त्यांच्या शंका आणि आमची उत्तरे येथे दिली आहेत.

आमच्याकडे सोशल मीडिया पाहणारी व्यक्ती आहेच. मग वेगळा माणूस कशाला?

वर्षाकाठी दोन-तीन क्रिएटर्सबरोबरच काम होत असेल, तर वेगळा माणूस नेमू नये. असलेल्या व्यक्तीलाच त्यासाठी वेळ मोकळा करून द्यावा. मात्र एकाच वेळी आठ-दहा जणांशी बोलणी सुरू झाली की कामाचे स्वरूप बदलते. स्वतःच्या पानावर पोस्ट टाकताना सगळे निर्णय आपल्या हातात असतात. क्रिएटर मात्र आपला नोकर नसतो. त्याचा स्वतःचा प्रेक्षक असतो, त्या प्रेक्षकाचा विश्वास हीच त्याची मिळकत असते आणि कोणा एका ब्रँडखातर तो विश्वास पणाला लावायला तो सहजी तयार होत नाही, आणि होऊही नये. त्याच्याशी दर ठरवणे, ब्रीफ, म्हणजे काय हवे आहे याची रूपरेषा, समजावणे, मालकाच्या सूचना त्याला न दुखावता पोहोचवणे, त्याची अडचण मालकाला पटवून देणे आणि शेवटी त्याचे पैसे वेळेवर निघतील हे पाहणे, यासाठी दोन्हीकडचा शब्द सांभाळणारी व्यक्ती लागते. चांगली पोस्ट लिहिणाऱ्या माणसाकडे हा गुण असेलच असे नाही.

एजन्सी नेमणे सोपे नाही का?

पहिल्या एक-दोन मोहिमांसाठी जरूर नेमावी. लोअर परळपासून अंधेरीपर्यंत अशा एजन्सी भरपूर आहेत आणि एका वेळी तीस-चाळीस क्रिएटर्सची जुळवाजुळव करायची असेल तर त्यांच्याकडे तेवढे मनुष्यबळ असते. परंतु क्रिएटरशी जुळलेले नाते एजन्सीचे राहते, आपले होत नाही. शिवाय आपण एजन्सीला दिलेल्या रकमेपैकी क्रिएटरच्या हातात किती पडले आणि केव्हा पडले, हे आपल्याला बहुधा कळतच नाही. म्हणून एजन्सी असली तरी आपल्या बाजूने हिशेब विचारणारा एक जाणता माणूस असावा, असे आमचे ठाम मत आहे.

उमेदवाराचे स्वतःचे फॉलोअर्स भरपूर असतील तर तो अधिक चांगला का?

नाही. स्वतः रील करणाऱ्याला कॅमेऱ्यामागचे कष्ट ठाऊक असतात, एवढाच त्याचा फायदा. त्याच्या फॉलोअर्सचा आपल्या व्यवसायाला उपयोग नाही, आणि एका मोहिमेत त्याचे स्वतःचे खाते व आपला ब्रँड यांच्या हिताचा गोंधळ होण्याची भीती मात्र असते. अशा उमेदवाराला घ्यायचे असेल, तर नोकरीत असताना तो इतर ब्रँडची कामे घेणार की नाही, हे नियुक्तिपत्रातच स्पष्ट लिहावे.

“माझ्याकडे पाचशे क्रिएटर्सचे नंबर आहेत” असे सांगणाऱ्या उमेदवाराबद्दल आपले मत काय?

नंबर मिळवणे अवघड राहिलेले नाही. बहुतेक क्रिएटर्स आपल्या बायोमध्येच कामाचा ई-मेल देतात. त्या पाचशेंपैकी कितीजण त्या उमेदवाराबरोबर दुसऱ्यांदा काम करायला तयार झाले, हे विचारावे. तेवढ्यावर न थांबता, त्याने ज्यांच्याबरोबर काम केले अशा दोन-तीन क्रिएटर्सशी त्याच्या संमतीने स्वतः फोनवर बोलावे. पूर्वीच्या मालकाचे प्रशस्तिपत्र आपण नेहमीच घेतो, पण या कामात क्रिएटरचा शब्द अधिक मोलाचा ठरतो. ब्रीफ एकदाच मिळाले की रोज बदलत गेले, शूट झाल्यावर फुकटात पुन्हा शूट करायला लावले का, पैसे मागण्यासाठी किती फोन करावे लागले, हे प्रश्न विचारले की माणूस कळतो.

मुलाखतीत नेमके काय तपासावे?

गप्पांपेक्षा प्रत्यक्ष काम द्यावे. आम्ही सुचवतो ती चाचणी अशी आहे. लालबागच्या एका घरगुती मसाल्याच्या ब्रँडला दिवाळीच्या आधी तीन लाख रुपयांत क्रिएटर्सबरोबर काम करायचे आहे, असे समजून उमेदवाराने चार नावे निवडावीत, प्रत्येक निवडीचे कारण लिहावे, पैशांची वाटणी दाखवावी आणि त्यांपैकी एकाला पाठवायचा पहिला संदेश मराठीत लिहून द्यावा. या कामाला अर्धा दिवस लागतो, म्हणून त्याचे मानधन द्यावे आणि उमेदवाराला नोकरी दिली नाही तर त्याचा आराखडा वापरू नये.

उत्तर वाचताना आकड्यांपेक्षा निरीक्षण पाहावे. कच्चा उमेदवार फॉलोअर्सची संख्या लिहितो. जाणकार उमेदवार कमेंट्स वाचून येतो. एका रीलखाली हृदयाची दोनशे चिन्हे आणि “सुपर ताई” एवढेच असते. दुसऱ्या रीलखाली साठच कमेंट्स असतात, पण त्यांत “कांदा आधी भाजायचा की नंतर?”, “पुण्याला पाठवता का?”, “माझ्या सासूबाई यात तीळ घालतात” असे लिहिलेले असते. मसाला विकायचा असेल तर दुसरी जागा योग्य, हे ज्याला न सांगता दिसते त्याला कामाची नजर आहे. पुढच्या पायरीवर तो क्रिएटरकडून इन्साइट्सचे, म्हणजे खात्याच्या प्रेक्षकांच्या आकडेवारीचे, ताजे स्क्रीनशॉट मागेल. प्रेक्षक कोणत्या शहरांत आहे, अलीकडच्या रील्सचा रीच किती आहे (म्हणजे त्या किती जणांपर्यंत पोहोचल्या), किती जणांनी त्या सेव्ह किंवा शेअर केल्या, हे तो पाहील. मराठी पाककृतींच्या खात्याचा निम्मा प्रेक्षक भलत्याच देशातला निघाला, तर फॉलोअर्स विकत घेतल्याची शंका त्याला आपसूक येईल.

पहिला संदेश तर अवश्य बारकाईने वाचावा. “हाय डिअर, कोलॅबसाठी इंटरेस्टेड आहात का? बार्टर आहे” असा, म्हणजे पैशांऐवजी फक्त वस्तू देऊ करणारा, संदेश चांगल्या क्रिएटरकडे रोज येतो आणि तो उत्तर देत नाही. ज्या संदेशात त्या क्रिएटरच्या एखाद्या विशिष्ट व्हिडिओचा खरा उल्लेख आहे, काय हवे आहे, साधारण केव्हा हवे आहे आणि मानधन आहे की नाही हे चार वाक्यांत सांगितले आहे, आणि वयाने मोठ्या क्रिएटरला “आपण” म्हटले आहे, तो लिहिणारा उमेदवार पुढच्या फेरीला बोलवावा. मालवणी जेवण शिकवणाऱ्या साठीच्या काकूंना “हाय डिअर” लिहिणाऱ्याला हे काम देऊ नये, इतक्या स्पष्ट शब्दांत आम्ही हे सांगतो.

शेवटी एक अडचणीचा प्रसंग तोंडी विचारावा. रील उद्या सकाळी जायची आहे आणि आज रात्री मालकाला त्यातले एक वाक्य खटकले, तर उमेदवार काय करील? “क्रिएटरला बदलायला लावीन” हे उत्तर घाईचे आहे. मान्यता दिलेल्या स्क्रिप्टमध्ये ते वाक्य होते का, हे तो आधी तपासणार असेल, ते त्यात असेल तर मालकाला तसे सांगण्याची हिंमत दाखवणार असेल आणि वाक्य खरोखरच चुकीचा दावा करणारे असेल तर पोस्ट थांबवण्याची जबाबदारी स्वतःवर घेणार असेल, तर ते उत्तर आपल्याला हवे आहे.

कायद्याची माहिती किती असावी?

वकिलाइतकी नको, पण आपण कोठे अडकू शकतो हे कळण्याइतकी हवीच. याबाबत बहुतेक मालक ढिले असतात आणि नेमके येथेच नुकसान होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पैसे, भेटवस्तू, मोफत सहल किंवा अन्य लाभ घेऊन केलेली पोस्ट ही जाहिरात असते आणि ते प्रेक्षकाला स्पष्ट सांगावे लागते. मुंबईतच मुख्यालय असलेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेची, म्हणजे एएससीआयची, इन्फ्लुएन्सर्ससाठीची, म्हणजे अशा क्रिएटर्ससाठीची, मार्गदर्शक तत्त्वे १४ जून २०२१ पासून लागू आहेत. जाहिरात असल्याची खूण इंग्रजीत किंवा जाहिरातीच्या भाषेत असावी, ती हॅशटॅगच्या गर्दीत दडवू नये आणि पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत ती किमान तीन सेकंद दिसावी, इतका तपशील त्यात आहे. एएससीआय ही स्वनियमन करणारी संस्था आहे. कायद्याचा बडगा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत आणि त्यानंतर ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, तसेच जाहिरात करणाऱ्या व्यक्तीला पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत आणि पुढे तीन वर्षांपर्यंत जाहिराती करण्यास मनाई होऊ शकते. ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटर्ससाठी सोप्या भाषेत स्वतंत्र पुस्तिकाही काढली आहे. उमेदवाराने ती वाचली आहे का, हे विचारायला हरकत नाही.

याखेरीज आपल्या मालाप्रमाणे वेगळे नियम लागू होतात. आपल्या काढ्याने मधुमेह बरा होतो असे क्रिएटरने उत्साहाच्या भरात म्हटले, तर १९५४ चा औषधे व जादुई उपचार कायदा आड येतो. गुंतवणुकीशी संबंधित व्यवसायांनी नोंदणी नसलेल्या सल्लागार-क्रिएटर्सशी संबंध ठेवण्यावर सेबीने, म्हणजे भांडवली बाजाराच्या नियामक संस्थेने, २०२४ मध्ये निर्बंध आणले आहेत. आपला माणूस स्क्रिप्ट वाचताना अशा वाक्यावर थबकला पाहिजे.

मोफत साडी दिली तर त्यावर कर कसला?

हा प्रश्न दादरच्या दुकानदारांकडून हमखास येतो. १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार, व्यवसायाच्या निमित्ताने दिलेल्या वस्तूंचे व सवलतींचे मूल्य एका व्यक्तीसाठी आर्थिक वर्षात २०,००० रुपयांपेक्षा जास्त झाले, तर त्यावर देणाऱ्याला १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून घ्यायचा कर, भरावा लागतो. पस्तीस हजारांची पैठणी क्रिएटरने ठेवून घेतली तर ती या तरतुदीत येते. शूट करून परत केली तर येत नाही. वैयक्तिक मालकीच्या दुकानाची आधीच्या वर्षाची उलाढाल एक कोटीच्या आत असेल तर ही कपात करावी लागत नाही. जुन्या कायद्यात हे कलम १९४-आर या नावाने ओळखले जाई. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने क्रमांक बदलले आहेत. उमेदवाराला क्रमांक पाठ नसला तरी चालेल, पण साडी पाठवण्याआधी “ठेवायची की परत करायची?” हे लेखी विचारून घेण्याची आणि आपल्या सीएला कळवण्याची सवय त्याला हवी.

करारात त्याने काय पाहावे?

किती रील, किती स्टोरी, कोणत्या तारखेला, किती वेळा बदल, पैसे केव्हा, हे तर सगळेच लिहितात. वाद होतात ते वापराच्या हक्कांवरून. क्रिएटरची रील आपण स्वतःच्या जाहिरातीत, दुकानातल्या पडद्यावर किंवा बूस्ट करून (पैसे देऊन अधिक लोकांना दाखवून) किती काळ वापरू शकतो, हे लिहिलेले नसते. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते आणि त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. क्षेत्र नमूद नसेल तर ते भारतापुरते मानले जाते. जाणता माणूस ही मुदत मोघम ठेवत नाही. तीन महिन्यांचा वापर हवा असेल तर तेवढ्याचेच पैसे ठरवतो. आणखी एक सापळा गाण्यांचा. इन्स्टाग्रामवर सहज उपलब्ध असलेले चित्रपटगीत खासगी रीलला चालते, म्हणून ते पैसे देऊन केलेल्या जाहिरातीलाही चालते असे नाही. त्यासाठी हक्कधारकाची परवानगी लागते.

लोकलमध्ये किंवा रेल्वे स्थानकावर जाहिरातीचे चित्रीकरण करायलाही रेल्वेची पूर्वपरवानगी लागते. “पटकन एक शॉट घेऊ” असे म्हणणाऱ्या क्रिएटरला थांबवणे हे याच माणसाचे काम आहे.

मराठी चांगले येणे गरजेचे आहे का? मुंबईत हिंदी-इंग्रजीवर निभावते.

आपला ग्राहक मराठी असेल तर गरजेचेच आहे, आणि येथे “चांगले” याचा अर्थ प्रमाण मराठी लिहिता येणे एवढाच नाही. वऱ्हाडीत बोलणारा नागपूरचा क्रिएटर, मालवणीतून विनोद करणारी कुडाळची मुलगी आणि कोल्हापुरी ढंगात तांबडा रस्सा समजावणारा तरुण यांच्या बोलीत त्यांचा सगळा प्राण असतो. इंग्रजीतून भाषांतर केलेले ब्रीफ त्यांच्या हाती दिले आणि “आमचे उत्पादन आपल्या जीवनशैलीचा अविभाज्य भाग बनेल” हे वाक्य बोलायला लावले, की ती रील तेथेच मेली. आपल्या माणसाला मुद्दा सांगून वाक्य क्रिएटरवर सोडता आले पाहिजे. तसेच सणांचे भान हवे. गणपतीसाठी गणपतीच्या आठवड्यात फोन करणाऱ्याला चांगली माणसे मिळत नाहीत. त्या तारखा दीड-दोन महिने आधी भरतात, आणि दिवाळीचे ब्रीफ गणपतीच्या सुमारासच तयार असावे लागते.

पदवी कोणती पाहावी? अनुभव किती हवा?

मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांतून माध्यमांचा पदवी अभ्यासक्रम, म्हणजे पूर्वीचा बीएमएम आणि आताचा बीएएमएमसी, केलेले बरेच उमेदवार येतात आणि त्यांना जाहिरातीची परिभाषा ठाऊक असते. तरीही पदवीवर अडून बसू नये. नाटकाच्या संस्थेत प्रयोगांची व्यवस्था पाहिलेली, इव्हेंटमध्ये कलाकारांच्या वेळा सांभाळलेली किंवा वृत्तपत्राच्या पुरवणीत बाहेरच्या लेखकांकडून वेळेत मजकूर मिळवलेली व्यक्ती या कामात लवकर रुळते, कारण मनस्वी माणसांकडून तारखेला काम घेण्याची तिला सवय असते. विभागात एकच माणूस असणार असेल तर किमान दोन-तीन वर्षांचा अनुभव पाहावा. शिकवणारे कोणी असेल तर नवशिक्याला घ्यायला हरकत नाही.

पगाराबरोबर इन्सेन्टिव्ह द्यावा का?

द्यावा, पण पोस्टच्या संख्येवर किंवा नुसत्या व्ह्यूजवर नाही. संख्येवर दिला तर स्वस्तातल्या, निरुपयोगी पोस्ट वाढतात. दर पाडण्यावर दिला तर क्रिएटरची पिळवणूक होते आणि तो पुन्हा आपल्याकडे फिरकत नाही. मोहिमेतून आलेल्या ऑर्डर्स, कूपन कोडचा वापर, पुन्हा काम करायला राजी झालेले क्रिएटर्स आणि वेळेत झालेली पेमेंट्स यांचा मेळ घालून सहामाही इन्सेन्टिव्ह ठरवावा.

क्रिएटरकडून कट घेणारी माणसे असतात, असे ऐकतो. खरे आहे का?

दुर्दैवाने खरे आहे. ब्रँडच्या बाजूचा माणूस क्रिएटरला जादा दर मंजूर करून देतो आणि त्यातला हिस्सा परत घेतो. क्रिएटरला काम हवे असते म्हणून तो गप्प बसतो. हे टाळण्यासाठी दर ठरवणारा आणि पैसे सोडणारा हे दोघे वेगळे असावेत, पेमेंट थेट क्रिएटरच्या किंवा त्याच्या अधिकृत मॅनेजरच्या खात्यात जावे आणि नातेवाईक किंवा जवळचा मित्र असलेल्या क्रिएटरला काम देताना ते आधी कळवण्याचे बंधन नियुक्तिपत्रात असावे. वर्षातून एकदा मालकाने काही क्रिएटर्सशी स्वतः बोलावे. एवढ्यानेही बराच धाक राहतो.

पैसे वेळेवर देणे हे तर अकाउंट्सचे काम. त्याचा या माणसाशी काय संबंध?

फार जवळचा संबंध आहे. कोल्हापूरच्या क्रिएटरने काम वेळेत केले, रील चालली, आणि पुढे इनव्हॉइसवर पॅन नाही, पीओ (खरेदी आदेश) क्रमांक नाही, जीएसटी नोंदणी नसताना कर लावला आहे, म्हणून बिल अकाउंट्सच्या टेबलावर पडून राहिले. त्याला कोणी कळवलेच नाही. दोन महिन्यांनी तो विचारतो तेव्हा “प्रोसेसमध्ये आहे” असे उत्तर मिळते. अशा एका अनुभवाची चर्चा क्रिएटर्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये दहा ठिकाणी होते. आपला माणूस काम सुरू होण्याआधीच इनव्हॉइसचा नमुना पाठवणारा, अकाउंट्सकडे स्वतः चकरा मारणारा असावा. क्रिएटरची सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल, तर एमएसएमईडी कायदा, २००६ (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीचा कायदा) प्रमाणे करार असतानाही ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते.

पहिल्या तीन महिन्यांत काय अपेक्षा ठेवावी?

पहिल्या महिन्यात त्याच्याकडून मोहीम मागू नये. त्याला दुकानात, कारखान्यात, पॅकिंगच्या टेबलावर बसवावे. ग्राहक काय विचारतात ते त्याने ऐकावे आणि पूर्वी काम केलेल्या क्रिएटर्सना फोन करून त्यांच्या तक्रारी लिहून काढाव्यात. दुसऱ्या महिन्यात दोन-तीन क्रिएटर्सबरोबर लहान काम, तिसऱ्यात त्याचा प्रामाणिक हिशेब. काय चालले नाही हे त्याने स्वतःहून लिहिले असेल तर त्याला नोकरीत कायम करावे.

घरून काम करू द्यावे का?

आठवड्यातले काही दिवस जरूर द्यावे. शूट वर्सोव्यात, कार्यालय ठाण्यात आणि माणूस विरारला राहणारा असेल, तर रोजच्या हजेरीत त्याचे अर्धे बळ प्रवासातच जाते.

तो सोडून गेला तर सगळे संबंधही जातील ना?

काही प्रमाणात जातील. माणसे माणसांशी बोलतात, आणि त्यात गैर काही नाही. परंतु नोंदी व्यवसायाच्या असाव्यात. करार, मान्य झालेल्या स्क्रिप्ट्स, दर, वापराच्या मुदती आणि इन्साइट्स हे सर्व कंपनीच्या ई-मेलवर व सामायिक शीटमध्ये पहिल्या दिवसापासून ठेवायला सांगावे. क्रिएटर्सशी बोलणी वैयक्तिक क्रमांकाऐवजी कंपनीच्या व्हॉट्सॲप क्रमांकावरून व्हावीत. नोटीस पीरियडमध्ये त्याने नव्या माणसाची प्रत्येक चालू क्रिएटरशी फोनवर ओळख करून द्यावी, अर्धवट राहिलेल्या पेमेंट्सची यादी सही करून द्यावी आणि खात्यांचे पासवर्ड त्याच्या शेवटच्या दिवशीच बदलून घ्यावेत.